कृत्रिम बुद्धिमत्ता संस्कार शिबिर

मनवानं फोनवर फक्त एक खोली मागितली होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे या प्रकरणात हॉल आला, फ्लेक्स आला, माजी नगरसेवक आले, पातेलंभर उपमा वाया गेला आणि कॉलनीची एक अख्खी दुपार पंख्याविना गेली. यातलं काहीसुद्धा त्या पोरीनं मागितलं नव्हतं.

"बाबा, एक खोली बघून ठेवा. दहा-बारा मुलं बसतील एवढी. पंखा हवा आणि प्लगचे पॉइंट हवेत. बाकी सगळं मी आणते," एवढंच ती म्हणाली होती.

बाबा म्हणजे नृसिंह क्षीरसागर. घोडेगावच्या हायस्कुलात हयातभर गणित शिकवून निवृत्त झाले आणि नगरला सावेडीत बंगला बांधून राहिले. मनवा त्यांची एकुलती एक. पुण्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर कसलंसं काम करायची. कसलं, ते तिनं सरांना दोनदा समजावून सांगितलं होतं आणि सरांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती. तर या मनवाच्या डोक्यात आलं, की उन्हाळ्याच्या सुटीत नगरच्या आठवी-नववीतल्या मुलांचं शिबिर घ्यायचं आणि त्यांना एआय हाताशी धरून कॉम्प्युटरवरचे गेम तयार करायला शिकवायचं. हो, एआय. कृत्रिम बुद्धिमत्ता. मराठीत सांगितलं तरी कळतं म्हणे त्याला.

"जमलं तर पुणं सोडून नगरलाच असे वर्ग काढीन म्हणते. नाही जमलं तर कंपनी बंगलोरला पाठवतेच आहे," ती शेवटी जाता जाता म्हणाली.

पोरगी घरी यावी, रोज जेवायला समोर असावी, यापलीकडे त्यांना या वयात दुसरं काही नको होतं. पण क्षीरसागरांच्या घरात असलं काही तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. त्या घरातली माणसं प्रेमापोटी एकमेकांच्या गाडीत हवा भरून आणत, चष्म्याच्या काचा पुसून ठेवत, परीक्षेच्या दिवशी रिक्षा अर्धा तास आधी दारात उभी करत. बोलत मात्र नसत. त्यामुळे सर घसा खाकरून म्हणाले, "बरं, बघतो."

अंबिकाबाई लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "बघायचंय काय त्यात? वरची मनवाची खोली आहे की रिकामी. बारा मुलं आरामात बसतील."

"अगं, खोलीत शिकवणी होते. शिबिराला हॉल लागतो," सर म्हणाले आणि टोपी घालून बाहेर पडले. अंबिकाबाईंचं त्याच वेळी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नवऱ्यांनी बायकांचं पहिल्या वेळी ऐकायला सुरुवात केली तर गोष्टी सांगणाऱ्यांनी काय करावं?

कॉलनीत हॉल एकच, ज्येष्ठ नागरिक संघाचा. संघाचे सचिव अवधूतराव चिंचोरकर. सरांचे सख्खे शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सकाळ-संध्याकाळ हातात पाण्याची नळी घेऊन कंपाउंडशी उभे राहत आणि झाडांना पाणी व जाणाऱ्या-येणाऱ्यांना सल्ला देत. हॉलची किल्ली त्यांच्या जानव्याला असे, म्हणजे आंघोळीतसुद्धा संघाचा कारभार त्यांच्या अंगावर असे. हॉलच्या दारावर त्यांनी पाटी लावली होती: 'येथे पत्ते, जुगार अथवा कोणतेही गेम खेळण्यास सक्त मनाई आहे.' पाटीच्या बरोबर खाली रोज दुपारी चार म्हातारे रमी खेळत. पैसे लावत नसत, म्हणून तिला बैठक म्हणत.

"गेम?" अवधूतरावांच्या हातातली नळी मोगऱ्यावरून सरांच्या चपलांवर आली. "सर, आयुष्यभर पोरांच्या दप्तरातनं गेम जप्त करणारे तुम्ही, आणि आता गेम शिकवणार?"

"शिकवणार म्हणजे, खेळायला नाही हो. तयार करायला."

"म्हणजे दारू प्यायची नाही, फक्त गाळायची!"

सरांनी ओल्या चपला झटकल्या. तेवढ्यात अवधूतराव कंपाउंडवर कोपर टेकून जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझं ऐका. हॉल देतो. पण आपल्याकडे गेमच्या नावानं कोण आईबाप पोर पाठवील? नाव बदला. संस्कार घाला त्यात. संस्कार म्हटलं की डोळे झाकून पाठवतात. आणि उद्घाटन पाहिजे. उद्घाटनाशिवाय शिबिर म्हणजे काय, नुसती गर्दी."

सर घरी आले आणि विचार करता करता त्यांना ते पटत गेलं. 'गेम' या शब्दाला वजन नव्हतं. 'संस्कार' म्हटल्यावर कसं, ताठ बसल्यासारखं वाटत होतं. चार दिवसांनी कॉलनीभर पत्रकं गेली: 'कृत्रिम बुद्धिमत्ता संस्कार शिबिर. मार्गदर्शक: मनवा क्षीरसागर. संयोजक: नृसिंह क्षीरसागर, निवृत्त शिक्षक.' गेमचा उल्लेख होता. नव्हता असं कुणी म्हणू नये. तो सगळ्यात खाली, छापखान्याच्या नावाच्याही खाली होता.

पत्रकानं कहर केला. बारा मुलांच्या जागी चाळीस मुलं आली. म्हणजे मुलं आली नाहीत, आणली गेली. नावं घालायला आजी-आजोबांची रांग लागली आणि त्यातल्या एकानंही चष्मा लावून शेवटची ओळ वाचली नव्हती. "श्लोक पाठ होतील ना?" एका आजींनी विचारलं. "बरं, बघतो," सर म्हणाले. "उपवासाचं महत्त्व सांगाल ना? मेलं सारखं चाट मागतंय," दुसऱ्या म्हणाल्या. "बरं, बघतो." घोडेगावहून सरांचा जुना विद्यार्थी गोरक्ष टेम्पो घेऊन आला आणि आपल्या निकिताला एका वळकटीसकट दारात उतरवून म्हणाला, "गुरुजी, पोरगी हुशार हाय, पर लई प्रश्न इचारती. दहा दिस तुमच्याच घरी ठिवा." टेम्पोत बाजारात घेतलेली एक म्हैस होती, ती तेवढ्या वेळात अंबिकाबाईंची तुळस खाऊन गेली. निकिताची व्यवस्था मनवाच्या खोलीत झाली.

मनवा आदल्या दिवशी पुण्याहून उतरली, चौकात लावलेला फ्लेक्स बघून तिथेच थबकली आणि तशीच घरात आली.

"बाबा, संस्कार? मी कसले संस्कार देऊ? माझं मलाच आई अजून शिकवतेय!"

"अगं, सकाळी अर्धाच तास. सूर्यनमस्कार आणि श्लोक माझ्याकडे. मग दिवसभर तुझंच."

"आणि चाळीस मुलं? माझ्याकडे बारा लॅपटॉप आहेत."

"एकाला तीन-चार बसतील. वर्गात बाकावर बसायचीच की."

मनवा काही बोलली नाही. ती बोलायची थांबली की बाबांवर रागावलेली असते, हे अंबिकाबाईंना कळायचं. सरांना वाटायचं, पटलं.

आता फ्लेक्सचं. उद्घाटक म्हणून अवधूतरावांनी भागवतशेठना ठरवलं होतं. भागवतशेठ माजी नगरसेवक, शिवाय हार्डवेअरचं दुकान. त्यांचे जेवढे फोटो मिळाले त्या सगळ्यांत ते फोन कानाला लावून गंभीरपणे दूर कुठेतरी बघत होते. संस्कार शिबिराला ते बरं दिसेना. तेव्हा अवधूतरावांचा नातू वरद म्हणाला, की एआयला सांगू, फोन काढ आणि नमस्कार करायला लाव. सरांना कोण आनंद! शिबिराच्या आधीच विद्या कामाला आली. एआयनं दोन मिनिटांत फोन काढला, हात जोडले, चेहऱ्यावर स्मितसुद्धा आणलं. एका हाताला बोटं मात्र सहा दिली. ही गोष्ट उद्घाटनाच्या दिवशी, भागवतशेठ चौकातल्या त्या पंधरा फुटी फ्लेक्सखाली उभे असताना, सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली.

भागवतशेठनी आपला हात बघितला, फ्लेक्सवरचा बघितला, पुन्हा आपला बघितला. "असू द्या सर," ते शेवटी म्हणाले. "कमी तर नाही ना केलं?"

मोठा माणूस. पण भाषण करायला उभे राहिले ते बसेचनात. त्यांनी मोबाइलवरच्या गेमनी तरुण पिढी कशी वाया चालली आहे ते सोदाहरण सांगितलं, आपल्या भाच्याचं उदाहरण दिलं, भाचा हॉलमध्येच होता त्याला उभं केलं, आणि शेवटी सगळ्यांना उजवा हात पुढे करायला लावून शपथ दिली, की मी आयुष्यात कधीही गेमला हात लावणार नाही. चाळीस मुलांनी शपथ घेतली. सरांनी डोळे वटारले म्हणून मार्गदर्शक मनवा क्षीरसागर यांनीही घेतली. टाळ्या झाल्या. मग मनवानं प्रोजेक्टर लावला आणि म्हणाली, "चला, आता आपण गेम तयार करू."

तो लावला मात्र, आणि वीज गेली. हॉलची वायरिंग एक पंखा आणि दोन ट्यूब यांच्या बेतानं केलेली होती. त्यात बारा लॅपटॉप, प्रोजेक्टर, आणि अवधूतरावांच्या सल्ल्यावरून लावलेली चहाची मोठी किटली. नुसत्या हॉलची गेली असती तर गोष्ट वेगळी. खांबावरच काहीतरी फाटकन उडालं आणि मे महिन्याच्या भर दुपारी अख्खी कॉलनी ओसरीत आली. वायरमन आला, खांबावर चढायच्या आधी त्यानं विचारलं, "कोणाचं काम हे?" आणि कॉलनीतल्या सगळ्या बोटांनी एकाच माणसाकडे निर्देश केला. त्या दिवशी सर दुधाला बाहेर पडले नाहीत. त्यांना दूध नको होतं असं त्यांनी अंबिकाबाईंना सांगितलं.

तरीही शिबिर सुरू झालं आणि मुलं रमली, हे सांगायला हवं. मुलं आपल्या मनातलं मराठीत लिहीत आणि एआय त्याचा गेम करून देई. पहिल्या फटक्यात नीट होत नसे. घोडेगावच्या बाजारातला बैल मागितला तर तीन शिंगांचा यायचा, आणि तो उडायचा. मग मुलं त्याला समजावत बसत. निकिताची भाषा तर ऐकत राहावी अशी. "आरं बाबा, बैल हाय त्यो, इमान न्हाई. पाय जमिनीला लाव त्याचे." त्यावर एआय अदबीनं लिही, 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे. बैलाचे पाय जमिनीला लावले आहेत.' लावलेले असत, पण चारांतले दोनच. मनवा मुलांच्या घोळक्यात खाली बसून खळखळून हसे. सर दारातून बघत आणि मनातल्या मनात वरच्या खोलीला रंग देत.

पण कुठलं काय! चौथ्या दिवशी पालकांचं शिष्टमंडळ आलं. पुढे अवधूतराव.

"सर, श्लोक किती झाले?"

"एक होत आलाय," सर म्हणाले. मुलं सकाळचा तो अर्धा तास बरोबर चुकवून येत. पहिल्या दिवशी सर्वांसाठी केलेला उपमा तसाच राहिला होता.

"आमचा वरद काल मला काय म्हणाला माहितीये? म्हणे, आजोबा, तुम्ही माझ्या मार्गातला अडथळा आहात."

"ते गेममधलं असेल हो."

"मी संडासच्या वाटेवर उभा होतो! ते काही नाही. माझं ऐका. समारोपाला मुलं जो काय गेम दाखवतील त्यात संस्कार दिसले पाहिजेत. नाहीतर आम्ही आमची मुलं काढून घेतो, आणि हॉलची किल्ली..." अवधूतरावांनी हात छातीशी नेला.

सरांनी त्याच पावली वर्गात जाऊन फळ्यावर तीन नियम लिहिले. गेममध्ये मारामारी असणार नाही. मोठ्यांना उलट उत्तर दिलं जाणार नाही. वाटेत भेटेल त्या वडीलधाऱ्या माणसाला नमस्कार करून त्याचं ऐकून घेतल्याखेरीज कुणी पुढे जाणार नाही.

मनवा फळ्याकडे बघत राहिली. "बाबा, भांडायचं नाही, पळायचं नाही, भेटेल त्याच्या पाया पडायचं. याला गेम नाही म्हणत, हळदीकुंकू म्हणतात!"

"ताई, जमंल की," मागून निकिता म्हणाली. तिच्या शेजारी वरद बसला होता. दोघं एकमेकांकडे बघून गालात हसली. सरांनी ते पाहिलं नाही, नियमांना ते अधोरेखित करत होते.

नियमांनी काही मुलं गळाली. समारोपाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना मनवा आईला म्हणाली, "आई, नाही जमत गं हे इथे. मी कंपनीला बंगलोरचं हो म्हणून टाकते. उद्या समारोप झाला की रात्रीच्या गाडीनं निघते."

सर पेपर वाचत होते. पेपर तसाच धरून म्हणाले, "तुझं तू बघ." मग उठले, कपाटातून शिवणयंत्राच्या तेलाची बुधली काढली, आणि मनवाची चाकांची बॅग जिन्याखाली आणून तिच्या चाकांना तेल घालत बसले. बॅग मनवा आली त्या दिवसापासून कुरकुरत होती. पोरीला बंगलोरच्या स्टेशनात ओढताना त्रास नको.

निकिता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून बघत होती. "सर, ताई जानार हाय व्हय?"

"हं."

"तुमाला वाटतंय का तिनं जावं?"

"वाटण्याचा काय प्रश्न आहे?"

"मंग सांगा की तिला. ऱ्हा म्हनावं."

"असं सांगत नसतात, निकिता."

"का?"

सरांनी बुधलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. वर्गात विचारलेल्या कुठल्याही 'का'ला त्यांच्याकडे उत्तर असे. "जा, झोपायची तयारी कर," ते म्हणाले. अजून दिवेसुद्धा लागले नव्हते.

समारोपाला हॉल भरला. उरलेल्या मुलांचे आईबाप आले होते आणि गळालेल्यांचेही, काय फजिती होते ते बघायला. भागवतशेठ होते. गोरक्ष पोरीला न्यायला आला होता, या खेपेला म्हशीशिवाय. शाल-श्रीफळं झाली. मनवा प्रोजेक्टरपाशी उभी होती आणि तिची बॅग, तेल घातलेल्या चाकांची, दाराशी.

निकिता आणि वरद पुढे आले. "आमच्या गेमचं नाव 'खोली'," वरद म्हणाला. "सरांनी सांगितलेले तिन्ही नियम यात पाळलेत." सरांनी मान ताठ केली आणि पालकांवरून नजर फिरवली.

भिंतीवर चित्र आलं. कॉलनी हुबेहूब. गेटातून एक माणूस बाहेर पडला. डोक्याला टोपी, पांढऱ्या मिशा, हातात पिशवी, चाल थोडी पाय फाकून. मग मागून कुणीतरी फसकन हसलं आणि ते हसू ओळीओळीनं पुढे आलं. सरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जन्मभर वर्गात कुणाची हसायची छाती नव्हती हो त्यांच्यासमोर!

"या माणसाला एक खोली शोधायची आहे," वरद सांगत होता. "वाटेत माणसं भेटतात आणि सल्ले देतात. सल्ला मिळाला की पिशवी जड होते. नियमाप्रमाणे भांडता येत नाही, उलट बोलता येत नाही, नमस्कार करावाच लागतो. म्हणून पुढे सरकायला आम्ही एकच बटण दिलंय." भिंतीवर कोपऱ्यात बटण होतं. त्यावर लिहिलं होतं: 'बरं, बघतो.'

आता मात्र हॉल फुटला. अंबिकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मी खेळतो आधी," अवधूतराव म्हणाले. नातवाचा गेम म्हणजे मान त्यांचाच. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. टोपीवाला चार पावलं गेला तोच कंपाउंडशी एक नळीवाला उगवला आणि बोलू लागला. माझं ऐका, माझं ऐका. सगळे अवधूतरावांकडे बघू लागले. ते चष्मा सरसावून नळीवाल्याचा एकेक सल्ला वाचत होते.

"आजोबा, बटण दाबा," वरद कुजबुजला.

"थांब रे, ऐकू दे. बरोबर बोलतोय हा माणूस." आणि पिशवी जड होत होत टोपीवाला जागच्या जागी बसला. अवधूतराव पुन्हा खेळले. पुन्हा तिथेच अडकले. कॉलनीत स्वतःच्या पुढे जाणं त्यांना काही जमलं नाही. भागवतशेठ मग बसले. त्यांनी नळीवाल्याला चटकन ओलांडलं आणि सहा बोटांनी नमस्कार करणाऱ्या एका पाहुण्यापाशी इतके खूश होऊन थांबले, की पाहुण्याचं भाषण संपेपर्यंत उठले नाहीत. पाहुण्याचं भाषण संपणारं नव्हतं.

"सर, तुमीच खेळा आता," निकिता म्हणाली.

नाही म्हणायची सोय नव्हती, अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता. सर बसले. आणि काय सांगावं, त्यांच्याइतका सराव कुणालाच नव्हता! नळीवाला, बरं बघतो. सहा बोटंवाला, बरं बघतो. श्लोकवाल्या आजी, बरं बघतो. तुळस खाणारी म्हैस आली, तिलाही बरं बघतो. सगळ्यांना पार करून टोपीवाला बस स्टँडवर पोचला. हॉलनं जल्लोष केला.

स्टँडवर एक मुलगी चाकांची बॅग घेऊन उभी होती. मागे पुण्याची गाडी घरघरत होती. सरांनी सवयीनं बटण दाबलं. 'बरं, बघतो.' मुलगी गाडीत चढली, गाडी गेली. 'खेळ संपला.'

सर पुन्हा खेळले. पुन्हा दाबलं, पुन्हा गाडी गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा हसू कमी झालं होतं.

"सर, हितं बटन चालत न्हाई," निकिता हळूच म्हणाली. तिनं माइक त्यांच्या पुढ्यात ठेवला. "हितं बोलावं लागतंय. यंत्राला सांगून ठिवलंय मी, सरळ मागितलं तरच गाडी थांबव. नुसती काळजी केली तर जाऊ दे."

सरांनी माइक धरला. माइक हातात आल्यावर माणूस जे बोलतो तेच ते बोलले. "सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित पालकवर्ग..." गाडी गेली.

त्यांनी घाम पुसला. गाडी पुन्हा येऊन उभी राहिली. "पाणी घेतलंस का बरोबर?" गाडी गेली. "पोचलीस की फोन कर." गाडी गेली. "खिडकीशी बस, उलटी होते तुला." ही गाडी तर हॉर्न वाजवून गेली. आता कुणीच हसत नव्हतं. मनवा प्रोजेक्टरला धरून खाली बघत होती.

"अहो, बोला की एकदाचं!" बायकांच्या ओळीतून अंबिकाबाईंचा आवाज आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्या पहिल्यांदाच नवऱ्यावर ओरडल्या.

गाडी येऊन उभी होती. मुलीनं पायरीवर पाय ठेवला.

"मने," सर म्हणाले. त्यांचा आवाज बारीक निघाला. "नको ना जाऊस. घरी राहा. मला करमत नाही गं तुझ्यावाचून."

यंत्रानं क्षणभर विचार केला. मग मुलीनं पाय खाली घेतला, गाडी रिकामीच निघून गेली, आणि भिंतीवर फटाके उडाले. फटाके सगळे उलटे, वरून खाली पडत होते. ते तेवढं दुरुस्त करायचं राहिलं होतं. हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. सरांना कुठे बघावं कळेना, म्हणून ते माइककडे बघत बसले. रडू येत होतं त्यांना, आणि ते येतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

मनवानं नाक पुसलं. सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. ती शेवटी क्षीरसागरांचीच मुलगी.

"बरं," ती म्हणाली, "बघते."

यावर जो हशा झाला तो पार चौकातल्या फ्लेक्सपर्यंत गेला असेल. सर मात्र हसले नाहीत. त्या शब्दांचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला ठाऊक होता? ते मुकाट्यानं सतरंज्या गोळा करायला लागले, खुर्च्या एकात एक घातल्या, आणि उरलेले पेढे गोरक्षच्या टेम्पोत ठेवून घरी आले. बॅग हॉलच्या दाराशी दिसली नव्हती. गेली असणार, असं मनाशी म्हणून ते ओसरीतच बसले.

"बाबा!" वरून हाक आली. मनवा तिच्या खोलीच्या खिडकीत उभी होती. हातात अंबिकाबाईंची शिवणाची टेप. "या खोलीत प्लगचे पॉइंट दोनच आहेत. दहा टेबलांना पुरायचे नाहीत. आणि वायरमनला आधी विचारा, लोड झेपेल का घराला."

सर उभे राहिले. टोपी ओसरीतच राहिली, चपला एक कुठे आणि एक कुठे.

"सर!" कंपाउंडवरून अवधूतराव नळीसकट पुढे झाले. "मुलगी घरीच वर्ग काढतेय म्हणे? छान! पण माझं ऐका. सुरुवातीलाच एक चांगलं भारदस्त नाव..."

सरांनी थांबून त्यांना दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला.

"बरं, बघतो," ते म्हणाले, आणि जिना चढून वर गेले.